कोण उठवत नाही?

१

गादी खोटं बोलत नाही. माणसं बोलतात, मी तर दिवसातून चार वेळा बोलते, पण गादी बोलत नाही.

चाळीस वर्षं मी गाद्या उसवतेय, पिंजतेय, पुन्हा शिवतेय. शाळेत चौथीपर्यंत गेले आणि तिसरीपर्यंत पास झाले, पण गादी मात्र वाचता येते. खोळ काढली की आतला कापूस सगळं सांगतो. नवराबायको कुठल्या अंगावर वळून रुसतात, पोट कोणाचं सुटलंय, कोण कडेला आक्रसून झोपतं. जिथं माणूस पडतं तिथं खड्डा, आणि जिथं पडत नाही तिथं कापूस फुगलेला. एकदा एका वकिलाला मी सांगितलं होतं, "साहेब, तुमच्या गादीत तीन खड्डे आहेत." तो पुन्हा कधी आला नाही. त्याची बायको आली, तीन खेपा.

खोड्या तर माझ्या हाडात. चिक्कू गिऱ्हाइकाच्या उशीत मी वाटाणा घालते. नव्या जोडप्याच्या गादीत एक छोटी घंटी शिवून देते, मांजराच्या गळ्यात बांधतात तसली. आठ दिवसांनी बाप्या लाजत लाजत येतो, म्हणतो, मावशी, ते तेवढं काढा. मी म्हणते, कसलं काय?

घरात मी आणि माझी लेक. तिला चिमणी म्हणतात. दारातून वाकून यावं लागतं एवढी उंच, आणि डबल गादी एकटी डोक्यावर घेऊन जिना चढायची, म्हणून मीच नाव ठेवलं चिमणी. वय अडतीस. लग्न केलं नाही, म्हणाली, तुझ्याइतकं भांडायला दुसरं कोण मिळणार. पुढच्या खोलीत कारखाना, मागच्या खोलीत तिची खाट, मध्ये स्वयंपाकघर. सकाळी सातला मी पत्र्याचा डबा वाजवायचे, ती शिव्या देत उठायची, चहा व्हायचा आणि मशीन सुरू व्हायचं. मशीन म्हणजे दोन दातेरी रूळ, एक पट्टा, आणि मधल्या फटीत जे जाईल त्याच्या चिंध्या.

एके दिवशी मी डबा वाजवला आणि शिव्या आल्या नाहीत.

जाऊन बघितलं तर ती उताणी पडलेली, डोळे उघडे.

"आई," म्हणाली, "मला उठवत नाही."

आता मला असा शब्द मिळाला की मी सोडते होय? म्हटलं, "कोण उठवत नाही? नाव सांग त्याचं. दाभणानं नाक शिवते."

हा आमचा जुना खेळ. एरवी ती खदाखदा हसली असती. त्या दिवशी हसली नाही. विचार केल्यासारखं केलं, आणि मान न हलवता नुसते डोळे खाली नेले. माझ्याकडे नाही. गादीकडे.

२

ताप नव्हता. दुखत काही नव्हतं. कोणी काही बोललं नव्हतं, कोणी मेलं नव्हतं. शेजारचा कुलूपवाला रोज येऊन विचारायचा, काय झालं? मी म्हणायचे, काहीच नाही झालं रे. काही झालं असतं तर बरं झालं असतं, त्याला धरून बडवलं तरी असतं.

चार दिवसांनी म्हणाली, "मला खाववत नाही."

"कोण खाऊ देत नाही?" मी विचारलं. सवय वाईट.

मग म्हणाली, "मला बोलवत नाही."

"कोण बोलवत नाही? लग्नाला की बारशाला? न बोलावता जाऊ आपण, पुढच्या रांगेत बसू."

प्रत्येक वेळी तेच. तिचे डोळे खाली जायचे. आणि प्रत्येक वेळी ती थोडी आत गेल्यासारखी वाटायची. गादी माझ्याच हातची, दोन महिन्यांपूर्वी भरलेली, ठोकून घट्ट केलेली. तिच्यात माणूस एवढं रुतायला तीन वर्षं लागतात. मी मनात म्हटलं, कापूस हलका लागला असणार. स्वतःच्या हाताला दोष द्यायला मला आवडत नाही, पण दुसरं काही सुचेना.

मशीनच्या घरघरीत मला मागचं काही ऐकू येत नाही. ती उठली की कळावं म्हणून मी तिच्या गादीच्या कडेला एक घंटी शिवली. तिला सांगितलंसुद्धा. म्हटलं, चिमणे, नवरा नाही तर नाही, घंटी तरी वाजू दे. तेव्हा ओठाचा एक कोपरा हलला. तेवढ्यावर मी दिवसभर खूश होते.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी तिला काखेत हात घालून ओढत पुढं आणली. कारखान्यातल्या स्टुलावर बसवली. मशीन बंद ठेवलं आणि केस विंचरायला घेतले. तीन आठवड्यांचा गुंता होता. म्हटलं, याच्यात एक सिंगल गादी भरेल.

मागच्या खोलीत घंटी वाजली.

एकदाच. कोणी कूस बदलल्यावर वाजते तशी.

मांजर असेल म्हटलं. उठून गेले. खिडकी बंद होती, खाटेखाली रिकामी बादली होती. गादीवर तिच्या अंगाचा खड्डा होता. डोक्याचा, खांद्यांचा, कमरेचा. मी हात ठेवला. गरम होता. आत्ताच उठलीय ना, मी स्वतःला म्हटलं. मग आठवलं, तिचं अर्धं डोकं विंचरून झालंय. तासभर तरी झाला होता.

परत आले. चिमणी तिथंच होती, मांडीवर हात ठेवून. मी विचारलं नाही तरी ती बोलली.

"आई, मला परत तिकडं जायचंय."

३

एका सकाळी मी चहा घेऊन गेले. ती म्हणाली, "आई, मला जगवत नाही."

सांगायला लाज वाटते, पण माझ्या जिभेवर तोच शब्द आला. कोण. चाळीस वर्षांची खोड, ती काय बघून येते थोडीच? ओठांचा चंबूसुद्धा झाला. आणि तेवढ्यात घंटी वाजली. चिमणी लाकडासारखी स्थिर पडली होती, बोटसुद्धा हललं नव्हतं, आणि घंटी वाजली. कोणी उत्तर द्यायच्या आधी घसा साफ करतं ना, तशी.

मी जीभ चावली. खरीच चावली, रक्त आलं.

कप खाली ठेवला आणि तशीच अनवाणी कुलूपवाल्याकडे गेले. दोघांनी मिळून तिला रिक्षात घातली आणि दवाखान्यात नेली.

डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची, मला नात असती तर. आधी चिमणीशी बोलली, मग मला आत घेतलं. म्हणाली, आजी, हा आजार आहे, याला नैराश्य म्हणतात. ती आळशी झाली नाही, नाटक करत नाही, आणि तुमचं काही चुकलं नाही. गोळ्या आजपासून सुरू, पण गुण यायला दोनतीन आठवडे लागतील. तोवर तिला एकटं ठेवायचं नाही. घरातलं धारदार, टोकदार सगळं कुलपात. आणि ऊठ ऊठ म्हणून मागं लागायचं नाही. आज काय जमेल एवढंच विचारायचं, एक गोष्ट झाली की पुरे.

मी म्हटलं, "बाई, जगवत नाही म्हणाली हो ती."

"म्हणाली ते फार चांगलं झालं," डॉक्टरीण म्हणाली. "गप्प बसली असती तर मला जास्त भीती वाटली असती."

मला राहवलं नाही. विचारलं, गोळी हिला द्यायची, की हिला धरून बसलीय तिला?

तिला वाटलं म्हातारी गंमत करतेय. हसून म्हणाली, "एकच गोळी आहे, आजी. दोघींना पुरते."

घरी येऊन मी कात्र्या, सुऱ्या, सगळी दाभणं पत्र्याच्या पेटीत टाकली. कुलूपवाल्यानं स्वतःचं मोठं कुलूप लावलं. किल्ली माझ्या गळ्यात.

४

गोळ्यांना आठवडा झाला. डॉक्टरणीनं चादरी बदला, खोलीत ऊन येऊ द्या म्हटलं होतं. सकाळी चिमणीला विचारलं, आज काय जमेल? म्हणाली, स्टुलावर बसेन. बसवली. म्हटलं, तेवढ्यात गादी उलटी करून घ्यावी.

उलटी केली आणि बघत राहिले.

खालच्या अंगालाही खड्डा होता.

समजून घ्या. गादी फळीवर असते. फळी सपाट. खालचा कापूस दाबून पाटीसारखा सपाट होतो, तिथं खड्डा पडायची सोयच नाही. मी वाकून फळीवर तळवा फिरवला, कुठं फुगलीय का बघितलं. डोळा लावून बघितलं. पाटी वाकडी असेल पण ती फळी नाही. आणि खड्डा नीट होता. डोकं, खांदे, कंबर. वरच्या खड्ड्याच्या बरोबर खाली, त्याच उंचीचा. कोणीतरी फळी आणि गादीच्या मध्ये उताणं पडून वरच्या बाईला पाठीमागून चिकटलंय, असा.

मी खोळ उसवली. कात्री नव्हती, दातांनी टाके तोडले. दोन्ही कडांना कापूस पिळून पिळून दोर झाला होता. मनगटाएवढे जाड दोन दोर, खालून निघून वर आलेले, आणि तिची छाती जिथं येते तिथं एकमेकांत अडकवलेले. चाळीस वर्षांत अशी गाठ मी बघितली नव्हती. कापूस गोळा होतो, गुठळ्या होतात. मिठी मारत नाही.

त्या गाठीत माझं दाभण होतं. वीतभर लांब, टोक वर, पाठीकडून काळजाच्या दिशेनं.

पेटीकडं धावले. कुलूप जागेवर, किल्ली गळ्यात. पेटीत एक दाभण कमी. पेटी लावताना काही मी दाभणं मोजली नव्हती. मी पेटी लावायच्या आधीच चिमणीनं एक काढून ठेवलं असेल, हे मला कळत होतं. डॉक्टरीणही तेच म्हणाली फोनवर, आणि लगेच तिला घेऊन या म्हणाली. ते खरंच असेल. पण तिच्या हातात दाभण धरायचं त्राण नव्हतं हो. चमचा मी धरत होते.

५

दवाखान्यातून आलो. डॉक्टरणीनं गोळी वाढवली होती. चिमणीला मी कुलूपवाल्याच्या समोर स्टुलावर बसवलं, म्हटलं, हिच्यावरून नजर हलवलीस तर तुझी सगळी कुलपं डिंकानं भरीन. आणि गादी मागच्या अंगणात ओढली.

माझी बडवायची काठी चिवट लाकडाची, टोकाला दोन फाटे. मी पदर खोचला आणि घातली पहिली.

काय सांगू, बरं वाटलं. महिन्यावर झालं, कोणावर राग काढावा कळत नव्हतं, आता समोर होतं. डोक्यावर घातली. कमरेत घातली. म्हटलं, माझ्या लेकीला धरतेस, सटवे? घे. तिला खाऊ देत नाहीस? घे. कापूस उडून नाकातोंडात जात होता, मी थुंकत होते आणि मारत होते. कापसावर काठी बसली की धप्प होतं, कोरडं. पहिले काही फटके तसेच बसले. मग आवाज बदलला. ओल्या पिठाच्या गोळ्यावर हात मारावा तसा. मला वाटलं, लागतंय बरं का भवानीला. आणि मी दोन्ही हातांनी काठी धरून पाठीवर घातली, फाटे खाली करून, होता नव्हता तेवढा जोर लावून.

आतून कुलूपवाल्यानं हाक मारली. माझं नाव घेऊन. तो मला कधी नावानं हाक मारत नाही.

चिमणी स्टुलावर बसलेली. रडत नव्हती. झग्याच्या पाठीवर दोन ओल्या रेघा उमटत होत्या, लाल, टोकाशी फाकलेल्या.

मी झगा वर केला. पाठभर वळ होते. जुने असतील, पडून पडून आले असतील, असं मी म्हणणारच होते. पण माझी काठी मला ओळखते आणि मी तिला. फाटे माझेच होते.

"आई," चिमणी म्हणाली, "हळू. मला लागतं."

काठी मी कुलूपवाल्याकडं दिली. म्हटलं, जाळ. त्यानं न विचारता नेली. चांगला आहे तसा, तोंड बंद ठेवतो.

६

दोन आठवडे गेले. चिमणीला मी जमिनीवर माझ्या चटईवर झोपवत होते, माझ्याशेजारी. गोळ्या वेळच्या वेळी. एक दिवस दात घासले. एक दिवस दारापर्यंत आली. एक दिवस काहीच नाही, उलट मागं गेली. त्या दिवशी मी पण काहीच केलं नाही, शेजारी पडून राहिले आणि छताला नावं ठेवली.

ती गादी कारखान्यात कोपऱ्यात गुंडाळून होती, त्या मारापासून ओलसर. कापूस ओला होऊन बसला की तो मशीनमध्ये घालत नाहीत. रूळ अडकतो, आग लागते. तो उन्हात पसरायचा आणि हातानं सोडवायचा, पुंजका पुंजका. हे मी शंभर जणांना शिकवलंय. पण म्हातारपणी अक्कल असते, धीर नसतो.

दुपार होती. चिमणी मागच्या खोलीत, रिकाम्या खाटेच्या फळीवर टेकली होती, जरा पडते म्हणाली. मधली दारं उघडी होती, मला तिचे पाय दिसत होते. मी गादीतून एक पुंजका काढला, मशीन लावलं आणि फटीत सोडला. ओरडून विचारलं, "लागलं का गं?"

"नाही," आतून आलं.

दुसरा सोडला. "लागलं का?"

"नाही."

मग मी मूठभर घेतला. मग दोन मुठी. मला वाटलं, सापडली युक्ती, आज हिचा निकाल लावते. तो पिळलेला दोर ओढला आणि त्याचं टोक फटीत दिलं.

दोर आत गेला, आणि मागचं टोक माझ्या मनगटाला वळसा घालून बसलं. मी हात झटकला, तर घट्ट झालं. कापूस असा धरत नाही. ते पाच ठिकाणी दाबत होतं, चार एका बाजूला आणि एक दुसऱ्या. मी पाय मशीनला लावून मागं रेटत होते आणि हात पुढं चालला होता. करंगळीचं टोक गेलं तेव्हा दुखलंसुद्धा नाही, नुसता आवाज आला, शेंग सोलल्यासारखा. मग दुखलं. रुळावरचा पांढरा कापूस लाल होऊन दुसऱ्या बाजूनं बाहेर यायला लागला.

मी ओरडले. काय ओरडायचं ते ठरवायला वेळ कुठं होता? डॉक्टरणीनं बोलू नका म्हटलं होतं तेच तोंडातून निघालं.

"चिमणे, ऊठ."

दारातून मला तिचे पाय दिसत होते. ते हलले. खाली आले. आणि घंटी वाजायला लागली, एकदा नाही, पिसाळल्यासारखी, सगळीकडून.

ती आली. वाकली नाही, तिचं कपाळ चौकटीवर आपटलं आणि फुटलं, तरी आली. तिच्या चेहऱ्यावर रक्त होतं, माझ्या डोळ्यांत घाम होता, त्यामुळं मी जे बघितलं ते किती खरं मला माहीत नाही. तिच्या कमरेला मागून दोन हात होते. लांब, तिच्यासारखेच, तिच्याच बोटांचे. एक पाऊल, आणि ते ताणले गेले. दुसरं पाऊल, आणि पाठीमागं दारातून काहीतरी जमिनीवरून फरफटत आलं, जड, तिच्याच उंचीचं. चिमणी ते ओढत आली. डबल गादी ओढावी तशी. तोंड वर उचलायला लागलं होतं ते, आणि मी डोळे मिटले. मी भित्री नाही. पण ते तोंड कोणासारखं असणार हे मला कळलं होतं.

तिनं नुसत्या हातानं चालता पट्टा उपटून काढला. तळवा सोलून निघाला. मशीन थांबलं.

घंटी पण थांबली.

७

माझी दोन बोटं गेली. खोड्या करायला आठ पुरतात.

डॉक्टरीण म्हणाली, आजी, बोटं गेली म्हणून ती बरी झाली असं समजू नका, गोळ्या लागू पडायची वेळच झाली होती, आणि अजून ती बरी झालेली नाही. मी म्हटलं, खरं आहे. मला ते पटतं. चिमणी अजून गोळ्या घेते, महिन्यातून दोनदा डॉक्टरणीशी बोलून येते. काही दिवस चांगले जातात, काही दिवशी दुपारपर्यंत चटईवरच असते. मी डबा वाजवत नाही. चहा ठेवते आणि विचारते, आज काय जमेल?

मशीन आम्ही काढून टाकलं. ती गादी मात्र टाकली नाही. टाकून कुठं जाणार ती, तिला आमचं दार माहीत आहे. रोज सकाळी उन्हात दोघी समोरासमोर बसतो आणि कापूस हातानं सोडवतो. मी पुंजका काढून देते, चिमणी बोटांनी मोकळा करते. अर्धा दोर सुटलाय. दाभणात दोरा आता तीच ओवते. पहिल्यांदा तिच्या हातात दाभण दिलं तेव्हा माझं काळीज कसं झालं ते माझं मला माहीत. मी एक मात्र शोधतेय, सगळा कापूस चाळून झाला तरी सापडत नाही. ती घंटी.

काल असंच बसलो होतो. तिच्या कपाळावरची खूण उन्हात चमकत होती. मी म्हटलं, "चिमणे, त्या दिवशी तू उठलीस कशी गं?"

ती बोटांतला पुंजका सोडवत राहिली. तो मोकळा झाल्यावर म्हणाली, "मी कुठं उठले, आई. मला उठवलं."

आणि तिचे डोळे खाली गेले.

माझ्या जिभेवर तो शब्द आला. ओठांचा चंबू झाला. तेवढ्यात मागच्या खोलीत घंटी वाजली, एकदाच, अगदी हळू. दोघींनी ऐकली. चिमणीची बोटं थांबली. कोणीतरी आत, मी काय विचारते त्याची वाट बघत होतं.

मी ओठ मिटले, आणि पुढचा पुंजका तिच्या हातावर ठेवला.